केंद्राची पायरी कोण चढलं नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज गावातल्या संगणक केंद्रांविषयी बोलू, त्यांचा गावाला किती उपयोग झाला हे कसं मोजायचं त्याविषयी.

ऊस लावलेल्या माणसाला एकच घोर असतो, तोड कधी येणार? लागणीची नोंद कुठल्या तारखेची धरली, आपली पाळी कधी, गाडीचं वजन किती भरलं, बिल कधी पडणार. हे विचारायला पूर्वी कारखान्याच्या ऑफिसापर्यंत जावं लागे. दिवस मोडायचा, आणि साहेब जागेवर नसले की दुसराही.

१९९८ साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून त्यात पैसा घातला. बेत मोठा होता. पिकांचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, सगळं गावातल्या गावात पडद्यावर दिसणार होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी ही केंद्रं जाऊन पाहिली, तेव्हा तिथं मुख्यतः उसाचंच काम चाललेलं होतं. नोंदी, तोडीचे परवाने, खत, बिलं. मग त्यांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं करून पाहिलं. आठ महिने ते व्यवस्थित चाललं.

यावरून प्रकल्प फसला असं म्हणणारे मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. लोकांना उसाची खबर हवी होती, ती त्यांनी घेतली. तालुक्याचा एक हेलपाटा वाचणं म्हणजे काय, हे ज्यानं हेलपाटे घातले त्यालाच कळतं. चूक झाली ती मोजमापात. योजनेच्या कागदावर काय लिहिलं होतं ते धरून केंद्राला गुण दिले, तर ते नापासच होणार. गावाची कुठली नड भागली, हे विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

आज आपल्याकडे ग्रामपंचायतीत 'आपले सरकार सेवा केंद्र' आहे, चौकात सीएससी, म्हणजे सरकारी कामं करून देणारं कॉमन सर्व्हिस सेंटर आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्यासाठी तलाठी भाऊसाहेबांची वाट पाहत बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, म्हणून या १५ रुपयांची किंमत मला फार मोठी वाटते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळी कामं गावात होऊ लागली. हा बदल खरा आहे.

पण गेल्या हिवाळ्यात मी एका केंद्राबाहेर सकाळपासून बसून होतो. एक आजी आल्या, निराधार योजनेच्या हयातीच्या नोंदीसाठी. आयुष्यभर खुरपं धरलेला अंगठा, रेषा झिजलेल्या. यंत्र काही तो ओळखेना. हात धुऊन झाला, तेल लावून झालं, सगळी बोटं फिरवून झाली. केंद्र चालवणारा पोरगा मनापासून खटपट करत होता. शेवटी म्हणाला, "आजी, उद्या या." आजी दोन कोसांवरच्या वस्तीवरून चालत आल्या होत्या.

त्या दिवशीच्या हिशेबात आजी कुठेच नाहीत. केंद्राच्या नोंदीत जे काम झालं तेच उतरतं. झालं नाही ते उतरत नाही, आणि जी बाई कधी आलीच नाही तिची तर कुणाला खबरही नसते. म्हणून अमुक हजार दाखले दिले, असा आकडा ऐकला की मला समाधान होत नाही.

पैशाचंही बघायला हवं. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा आला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. अर्ज भरण्याचे ४० रुपये विमा कंपनी केंद्राला देणार होती, शेतकऱ्यानं द्यायचा तो फक्त एक रुपया. तरीही जादा पैसे घेतल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मात्र ज्या पोराच्या केंद्रात वीज जाते, नेट जातं, सर्व्हर बंद पडतो आणि कमिशन महिनोन् महिने अडकतं, त्याचं घर कशावर चालतं हेही परिणाम तपासताना विचारलंच पाहिजे. केंद्र टिकलं तरच गावाला त्याचा उपयोग.

श्रोतेहो, येत्या ग्रामसभेत केंद्राचा विषय घ्यायला लावा. दरपत्रक दर्शनी भिंतीवर आहे का ते बघा. अर्ज किती गेले हे सांगतील, ते ऐकून घ्या. मग विचारा, परत किती आले, आणि अंगठा न उमटल्यामुळे माघारी गेलेल्यांची वही कुठे आहे. नसेल तर त्याच दिवशी एक दोनशे पानी वही आणून टेबलावर ठेवा.

नमस्कार.