मुख्य चित्रपटाआधीची पाच मिनिटं

[पडद्यावर : 'आबिद', १९७२. सुरुवातीचा तुकडा, मूळ संगीतासह.]

या खोलीत माणूस नेहमीसारखा वावरत नाही. तो झटक्यांनी हलतो. आत्ता इथे असतो, डोळा लवायच्या आत दुसरीकडे. त्याच्याभोवती रंग चढत जातो आणि बघता बघता खोलीचंच चित्र होतं.

हे आबिद सुरती. चित्रकार, लेखक, व्यंगचित्रकार. 'धर्मयुग' साप्ताहिकातला त्यांचा ढब्बूजी अनेक घरांत पहिल्यांदा उघडला जायचा. या लघुपटात ते स्वतःच कुंचला आहेत आणि स्वतःच कॅनव्हाससुद्धा.

लांबी पाच मिनिटं. दिग्दर्शक प्रमोद पती. निर्माता, भारत सरकारचा फिल्म्स डिव्हिजन. धरणं, सुधारित बियाणं, लसीकरण, पंतप्रधानांचे दौरे, ज्याच्या नावावर आपण हे सगळं जमा करून टाकतो, तोच हा फिल्म्स डिव्हिजन.

[पडद्यावर : तोच तुकडा, संथ गतीने, एकेक फ्रेम.]

या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. अ‍ॅनिमेशनच, पण चित्रांऐवजी जिवंत माणसाचं.

कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा. एकदा चौकट ठरली की त्याला कोणी हात लावायचा नाही. दिवेही हलवायचे नाहीत, कारण उजेडात जरा फरक पडला तरी पडद्यावर तो फडफडल्यासारखा दिसतो. माणूस एका पवित्र्यात उभा राहतो. एक फ्रेम. मग तो वीतभर सरकतो आणि श्वास धरून पुन्हा स्थिर होतो. आणखी एक फ्रेम. हात थोडा वर, मान थोडी वळलेली, मागच्या भिंतीवर रंगाचा एक फटकारा वाढलेला. पुन्हा एक फ्रेम.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. म्हणजे पाच मिनिटांना ७,२००. एकेका पवित्र्याला दोन-दोन फ्रेम दिल्या, तरी ३,६०० वेळा थांबायचं, सरकायचं, पुन्हा थांबायचं.

यात मध्येच चूक सुधारता येत नाही. त्या काळी कॅमेऱ्याला जोडलेला छोटा पडदा नव्हता की लगेच मागे जाऊन बघता येईल. फिल्म लॅबमध्ये जायची, धुऊन यायची, मग कळायचं. दुपारी तीनच्या सुमाराला सावली कुठे पडली होती, डावा पाय कोणत्या फरशीवर होता, शेवटचा फटकारा कुठे संपला होता, हे सगळं डोक्यात किंवा कागदावर ठेवूनच पुढे जायचं. ओल्या रंगाला तर थांबवताही येत नाही, तो वाळतो आणि वाळताना छटा बदलतो. शिवाय माणूस दमतो. सकाळचा ताठ खांदा संध्याकाळी खाली आलेला असतो, आणि कॅमेरा तेही टिपतो.

हे सगळं या पाच मिनिटांच्या आत आहे.

[पडद्यावर : पेडर रोड, गुलशन महलचा दर्शनी भाग. दुपारचं ऊन.]

मुंबईत पेडर रोडवर, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर, हा एकोणिसाव्या शतकातला बंगला आहे. गुलशन महल. आज इथे भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. जानेवारी २०१९ मध्ये ते सुरू झालं. हे आवार फिल्म्स डिव्हिजनचं. संस्था १९४८ सालची. तेव्हापासून आठ हजारांहून जास्त चित्रपट तिच्या खात्यावर जमा झाले. बहुतेक सगळे छोटे. दहा मिनिटांचे, वीस मिनिटांचे, काही दोनच मिनिटांचे.

१९५६ च्या सुमाराला इथे कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. त्यांच्या हाताखाली जी पिढी तयार झाली तीत राम मोहन होते, आपले जी. के. गोखले होते. हातात पेन्सिल, समोर काचेखालून येणारा उजेड, एकावर एक ठेवलेले कागद. भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं पान या आवारातच उघडावं लागेल.

प्रमोद पती मूळचे ओडिशाचे. चेकोस्लोव्हाकियात जाऊन बाहुलीपट शिकून आलेले. बाहुलीपटकार यिरी त्रन्का यांच्या देशात बाहुल्यांना चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता रडवण्याची परंपरा होती, तिथलं हे शिक्षण. परत आले ते सरकारी नोकरीत. कुटुंब नियोजनावर लघुपट करून द्या, असा हुकूम आला की तो करायचा. पण कसा करायचा, ते त्यांनी स्वतः ठरवलं. 'क्लॅक्सप्लोजन' बघा. १९६८. विषय तोच, लोकसंख्या. दोन मिनिटांत आटोपतो, आणि त्यात भाषण नाही.

[पडद्यावर : 'एक्सप्लोरर', १९६८. चाळीस सेकंद. निवेदन नाही.]

सात मिनिटांचा 'एक्सप्लोरर'. तरुण मुलं-मुली, नाच, प्रयोगशाळा, देवाधर्माची चिन्हं, पुन्हा चेहरे. एक प्रतिमा नीट दिसायच्या आत दुसरी येते. पतींचा देश त्या वर्षी असा होता, जुनं सुटत नव्हतं, नवं अंगावर येत होतं, आणि दोन्ही एकाच खोलीत.

याच्यावर आवाज चढवलेला नाही. त्या काळच्या सरकारी माहितीपटात निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणजे देवघरातली समई, ती नसेल तर पूजाच होत नाही अशी समजूत होती. झुल वेल्लानी, प्रताप शर्मा यांचे आवाज इंग्रजी निवेदनातून देशभर गेले. मग तोच मजकूर मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, एकूण पंधराएक भाषांत पुन्हा बोलला जायचा. पतींनी निवेदनच काढून टाकलं. उरलं ते चित्र आणि विजय राघव रावांसारख्यांचं संगीत. राव बासरीवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'चं संगीत त्यांचं, आणि 'आबिद'ला ऐकलंत तेही त्यांचंच. भाषांतराची गरज नसलेला हा लघुपट अमरावतीत आणि अलप्पुळात एकसारखा पोचू शकत होता.

सरकारी खात्यात हे खपलं कसं?

[पडद्यावर : काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांची मालिका. जहांगीर भावनगरी.]

याचं बरंचसं श्रेय या माणसाला. जहांगीर भावनगरी. मुंबईचे, पॅरिसला युनेस्कोत काम करणारे, मातीची भांडी घडवणारे, हौशी जादूगार. १९६५ मध्ये त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतलं गेलं. इंदिरा गांधी तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होत्या. भावनगरी दोनेक वर्षंच राहिले, पण त्यांनी एक दार उघडून दिलं. एम. एफ. हुसेन यांच्या हातात कॅमेरा दिला गेला तो याच काळात. हुसेन राजस्थानात गेले आणि कंदील, छत्री, चप्पल, गाय, वाळू असं काहीबाही घेऊन आले. तोही लघुपट निवेदनाशिवाय. १९६७ मध्ये बर्लिनला त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं.

आणि एस. एन. एस. शास्त्री. मूळचे छायाचित्रकार. 'आय अ‍ॅम ट्वेंटी' मध्ये त्यांनी स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलांना गाठलं आणि बोलतं केलं. काही मुलं स्वप्नं सांगतात. काही सरळ नाराजी बोलून दाखवतात. सरकारच्या पैशानं, सरकारच्या फिल्मवर, स्वातंत्र्याला वीस वर्षं झाली त्या निमित्तानं. यातलं एक वाक्यही कोणी कापलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण जे राहिलं तेच किती आहे!

[पडद्यावर : 'अमीर खान', १९७०. गाण्याचा तुकडा.]

हेही शास्त्रींचंच. उस्ताद अमीर खान.

[गाणं चालू राहतं. पन्नास सेकंद.]

कॅमेरा घाई करत नाही. विलंबित लय जेवढी थांबते तेवढा तोही थांबतो. हे इथे मुद्दाम दाखवतो आहोत, कारण चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, कोलकात्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, रेडिओची मुद्रणं आहेत. पण गाताना ते बसत कसे, डोळे कधी मिटत, हात किती कमी हलत, हे बघायचं तर या फिल्मकडे यावं लागतं. ज्या वर्षी चित्रीकरण झालं त्या वर्षी एखाद्या अधिकाऱ्यानं फाइलवर 'आवश्यकता नाही' असं लिहिलं असतं, तर आज हा चेहरा आपल्याकडे नसता.

[पडद्यावर : जुन्या एकपडदा थिएटरचं आतलं दृश्य. लाकडी खुर्च्या, बाल्कनीचा कठडा.]

आता हे लघुपट कोणी पाहिले? खरं तर सगळ्यांनी.

थिएटरच्या परवान्यातच अट होती. प्रत्येक खेळाआधी मान्यताप्राप्त लघुपट किंवा वार्तापट दाखवायचाच. त्यासाठी थिएटरवाल्यानं फिल्म्स डिव्हिजनला भाडं द्यायचं, निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत. दर शुक्रवारी नवी प्रत. त्यामुळे सोलापूरच्या स्टॉलमध्ये, नागपूरच्या बाल्कनीत, पनवेलच्या टूरिंग टॉकीजच्या कनातीत, जिथे जिथे माणूस तिकीट काढून आत शिरला तिथे हे आधी लागलं.

आणि तेवढ्यात आम्ही काय करत होतो? डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत होतो. बाहेर वडा संपवत होतो. 'अजून न्यूजरील चालू आहे, चल सावकाश,' हे वाक्य घराघरात बोललं गेलं आहे. पडद्यावर कोण काय करून गेलं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. श्रेयनामावली वाचावी असं कोणाला वाटलं नाही. पिक्चर सुरू झाला की टाळी, शिट्टी, आणि आधीचं सगळं विसरलं जायचं.

याच पेडर रोडच्या लघुपटांपैकी एक मात्र विसरला गेला नाही.

[पडद्यावर : 'एक अनेक और एकता', १९७४. पारध्याचं जाळं आणि चिमण्या.]

हे बघताना ओठ आपोआप हलतात. विजया मुळे यांचा हा लघुपट. मुंबईत जन्मलेल्या, सगळ्यांच्या अक्का. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. संगीत वसंत देसाई यांचं, आपल्या सावंतवाडीकडचे, 'अमर भूपाळी'चे वसंतराव. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात ते गेले. आणि यातला तो कोवळा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या लहान होत्या.

हा का टिकला? तो उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण पतींचा 'ट्रिप'ही उत्तम आहे. मुंबईची रोजची धावपळ, आलेली माणसं, नाहीशी झालेली माणसं, सगळं चार मिनिटांत. १९७०. फरक इतकाच की दूरदर्शननं 'एक अनेक' पुन्हा पुन्हा लावला, आणि 'ट्रिप' आठवडाभर थिएटरात फिरून डब्यात गेला. एका पिढीनं एक लघुपट पन्नास वेळा पाहिला आणि दुसरा एकदाच, तोही खुर्ची शोधताना. मणी कौल सत्तरच्या दशकातच कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कलेवर 'चित्रकथी' करून गेले. ठाकर समाजाच्या जुन्या पोथ्यांतली चित्रं, बाहुल्या. सिंधुदुर्गातल्या किती शाळांत तो दाखवला जातो?

[पडद्यावर : तपासणीचं टेबल. पांढरे सुती हातमोजे घातलेले हात डब्याचं झाकण उघडतात.]

झाकण उघडलं की आधी वास बघायचा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा पायाच सडू लागला आहे. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्णतेत आणि दमट हवेत आम्ल सोडते, आणि ते आम्ल तिलाच खात जातं. असा डबा ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा, कारण लागण पसरते. मुंबईच्या पावसाळ्यात याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

मग रीळ हळूहळू उलगडायचं. बोटाच्या टोकानं कडा चाचपायची. परफोरेशन, म्हणजे कडेची भोकं, फाटलेलं असेल तिथे बोट अडखळतं. तिथे थांबायचं, पारदर्शक पट्टी लावायची, भोकं बरोबर जुळवायची. जुने जोड सुटत आले असतील तर पुन्हा घालायचे. फिल्म आकसली आहे का ते मोजायचं. आकसलेली फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर चढवली तर दाते तिला फाडून टाकतात. रंगीत प्रत असेल तर निळा आणि हिरवा आधी उडतो, सगळं गुलाबी होत जातं. 'आबिद'सारखा लघुपट, जो रंगांवरच उभा आहे, तो गुलाबी झाला तर उरलं काय? म्हणून मूळ निगेटिव्ह महत्त्वाचं. ते स्वच्छ करून स्कॅन केलं, की मग प्रत्येक फ्रेमवरचा ओरखडा, धूळ, डाग संगणकावर काढत बसायचं. ७,२०० फ्रेम. पतींनी ज्या चालीनं हे घडवलं त्याच चालीनं, एकेक करून.

[पडद्यावर : शेल्फवर रचलेले डबे. कॅमेरा सरकत जातो.]

प्रमोद पती १९७५ साली गेले. अवघे चाळिशीतले. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली आणि फिल्म्स डिव्हिजनच्या पडद्यावर वीस कलमी कार्यक्रम आला. मार्च २०२२ मध्ये संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, अनेक चित्रपटकर्त्यांनी हरकत घेऊनही. त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले.

या २,२०० मध्ये चार-पाच मिनिटांच्या लघुपटांना जागा मिळायला हवी, आणि ती पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या मागे नव्हे. मराठी निवेदन असलेल्या प्रतींची वेगळी यादी व्हायला हवी. त्या आवाजांची नावं त्या यादीत हवीत. यातले काही लघुपट फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब वाहिनीवर आहेत, 'आय अ‍ॅम ट्वेंटी' त्यातलाच. आणि फिल्म सोसायट्यांना आमची विनंती आहे : पुढच्या महिन्याच्या खेळाला मुख्य चित्रपटाआधी यातला एक लावा, आणि तो संपेपर्यंत दरवाजा बंद ठेवा.

[पडद्यावर : 'ट्रिप', पूर्ण. चार मिनिटं. निवेदन नाही.]