सापाला पाय किती?

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात बालवाडी चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज तुमच्याशी बोलायचंय ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या गणिताबद्दल. त्यासाठी आपल्याला थोडी माकडं लागतील, हत्ती, उंट, जिराफ आणि एक साप.

एकदा आम्ही मुलांना घेऊन आपल्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. माकडांच्या पिंजऱ्यापुढं साडेचार वर्षांच्या एका मुलीला मी विचारलं, "माकडं किती गं?" हिला शंभरापर्यंत आकडे पाठ. घरी पाहुणे आले की न थांबता म्हणून दाखवायची. तिनं बोट पुढं केलं आणि सुरू झाली, एक, दोन, तीन, चार. माकडं एका जागी बसतात थोडीच! ती अकरापर्यंत गेली, थबकली, आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाई, ते मघाचंच परत आलं की!"

पिंजऱ्यात माकडं होती सहा. तिचा आकडा चुकला होता, पण तिच्या त्या वाक्यानं मला फार आनंद झाला. एकदा मोजलेलं माकड पुन्हा मोजायचं नसतं, हे तिला मला शिकवावं लागलं नाही. शंभरापर्यंत घडाघडा म्हणताना ही अडचण तिला कधी आलीच नव्हती, कारण तेव्हा समोर मोजायला काही नसायचं.

माझ्या पिशवीत चिंचोके होते. मी म्हटलं, "एकेका माकडाला एकेक चिंचोका देऊ या." मग पोरं नीट बघायला लागली. हे पोटाशी पिल्लू धरलेलं, त्याला एक. पिल्लाला एक. हे शेपूट आखूड असलेलं, त्याला एक. वर टांगलेलं, त्याला एक. जमिनीवर रांग लागली. चिंचोके पळत नाहीत. तिनं बोट टेकवत मोजले, सहा. मी विचारलं, "मग माकडं किती?" ती माझ्याकडं बघत राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून चिंचोके मोजायला लागली.

इथं बरेच पालक वैतागतात. "आत्ताच तर मोजलंस ना, मग सांग की!" वैतागू नका. शेवटी उच्चारलेला 'सहा' हा त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव नाही, तो सगळ्यांचा मिळून आहे, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झालेली असते की ती कधीकाळी आपल्यालाही शिकावी लागली होती हे आठवत नाही. काही मुलांना ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी उमजते, काहींना जरा उशिरा. आणि उमजली तरी पुढं आणखी एक पायरी असते. तेच सहा चिंचोके लांब लांब मांडून विचारा, "आता जास्त झाले का?" चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा "हो" म्हणतं. रांग लांबली म्हणजे चिंचोके वाढले, असं त्याला मनापासून वाटतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे फार पूर्वी दाखवून दिलंय. त्यावर मुलाला दटावून उपयोग नाही. पुन्हा जवळ आणा, पुन्हा लांब मांडा, त्याचं त्याला मोजू द्या.

प्राणीच का, असं मला विचारतात. गोट्या, बटणं, डाळीचे दाणेही चालतातच की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या शिंपले, बिया, पानं असल्या साध्या वस्तूंच्या बळावरच. माझं उत्तर एवढंच आहे, की बटणं किती हे मुलाला जाणून घ्यायचं नसतं, ते आपल्याला हवं असतं. हत्तीच्या पायाला नखं किती, हे मात्र त्याला स्वतःला हवं असतं.

आणि हे पायांचं प्रकरण खरोखर बघण्यासारखं आहे. घोड्याच्या पायाला एकच खूर, म्हणजे एकच बोट. उंटाला दोन. गेंड्याला तीन. पाणघोड्याला चार. आणि आपल्याकडच्या हत्तीच्या पुढच्या पायाला नखं पाच. एक ते पाच, निसर्गानंच ओळीनं मांडून ठेवलेत! मी जुन्या कॅलेंडरची, वर्तमानपत्रांची चित्रं कापून ही पाच पावलं पुठ्ठ्यावर चिकटवली होती. ती उलटीपालटी मिसळून द्यायची आणि मुलांना क्रमानं लावायला सांगायचं. मग एक दिवस एका मुलानं विचारलं, "बाई, सापाचं पाऊल कुठं ठेवायचं?"

मी पुठ्ठ्याचा एक कोरा तुकडा कापून घोड्याच्याही अलीकडं ठेवला. शून्य शिकवायला मला त्याहून चांगला धडा पुन्हा सापडला नाही. "काहीच नाही" यालाही एक जागा असते आणि ती एकाच्या आधी असते, हे मुलांनी कोऱ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून पाहिलं.

आता मापं. जिराफ उंच असतो, हे पुस्तकातलं वाक्य झालं. मोठा नर जिराफ १८ फुटांपर्यंत जातो, हे मुलांना कसं दाखवायचं? हे कापडाचं गाव आहे, श्रोतेहो, आणि सहावारी साडी प्रत्येक घरात आहे. एक वार म्हणजे तीन फूट, सहा वार म्हणजे अठरा. साडी अंगणात लांब पसरा आणि सांगा, हा जिराफ झोपलाय. मग मुलांना त्याच्या शेजारी डोक्याला पाय लावून ओळीनं झोपवा. आमच्या वर्गातली पाच पोरं झोपली आणि सहाव्याचे पाय बाहेर आले. पाच-सहा मुलांएवढा एक जिराफ! जिराफाचं पिल्लू जन्मतःच सहा फुटांच्या आसपास असतं, म्हणजे यांच्यातल्या दोघांएवढं, हे ऐकून त्यांचे डोळे केवढे झाले होते. त्या लांबच लांब मानेत मणके मात्र सातच, तुमच्या-माझ्या मानेइतकेच. हे मोठ्या मुलांना जरूर सांगा, माळेत सात मोठे मणी आणि सात छोटे मणी ओवून दाखवा. आकार आणि संख्या वेगवेगळ्या, हे त्या दोन माळा शेजारी धरल्या की दिसतं.

झेब्र्याचे पट्टे आणि आपल्या सोलापुरी चादरीची किनार हा तर एकाच खेळाचा भाग. काळा, पांढरा, काळा, पांढरा, पुढं काय? चादरीवर दोन लाल, एक पिवळा, दोन लाल, पुढं काय? यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही, अंथरूण घालताना होतं.

एक गोष्ट मात्र मला खास सोलापूरकरांसाठी सांगायची आहे. आपल्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मूल घरून ओकटी, रेंडू, मूडू किंवा ओंदु, एरडु, मूरु घेऊन येतं. पाचाला तर दोन्हीकडं जवळजवळ एकच शब्द, ऐदु. त्याला तसं मोजू द्या. संख्या त्याच्या हाताला कळली की शब्द पुढं बदलता येतात. उलट मराठीतच एक अवघड जागा आहे. तेलुगूत तेवीस म्हणजे इरवै मूडू, वीस आणि तीन, जसं लिहितो तसंच. मराठीत 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो आणि वीस नंतर. एकोणतीस म्हणजे तर एक उणा तीस. ऐकून ३२ लिहिणारं मूल मठ्ठ नसतं, त्यानं कानावर विश्वास ठेवलेला असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची ही अडचण समजावून सांगितली होती. माझं मत विचाराल तर दोन्ही रीती शिकवाव्यात. तेवीस, म्हणजे वीस आणि तीन. दोन्ही शब्द एका दमात, दोन दहाचे गठ्ठे आणि तीन सुटे चिंचोके समोर ठेवून.

प्राणिसंग्रहालयात जाणं जमलं नाही तर अडून बसू नका. सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेत, प्लॅस्टिकचे प्राणी मिळतात, यंदा जानेवारीत एक पिशवीभर घ्या. यात्रेचे नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतील तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन सात मोजा, तेही हलतातच. घराच्या भिंतीवर पाल असते, दारात शेळी असते, दाणा ओढणाऱ्या मुंग्या असतात. मुंगीला सहा पाय आणि कोळ्याला आठ, हे भिंतीशी बसूनच बघता येतं.

ती माकडं मोजणारी मुलगी आठवतेय ना? तिची आजी विड्या वळायची. पंचवीस-पंचवीसचं बंडल, हजारावर मजुरी, सगळा हिशेब तोंडी आणि तेलुगूत. शाळेत ती कधी गेली नव्हती. आमच्या हत्तीच्या पायांची गोष्ट मुलीनं घरी सांगितली, आणि एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओसरीवर दोघींचं तेच चाललं होतं. आजीचे हात विडीवर, नजर सुपात. हत्तीच्या पुढच्या पायांना नखं पाच आणि पाच, मागच्यांना चार आणि चार. "पद्देनिमिदि," आजी म्हणाली. अठरा.

"दोन हत्ती आले तर?"

"मुप्पै आरु." तीस आणि सहा.

मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि दहा साप आले तर?"

आजीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "तरी पण काहीच नाही की!"