मेंदूतल्या रक्तस्रावानंतर

श्रोतेहो, नमस्कार. मेंदूत रक्तस्राव झाला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, बरे होतील ना?" उत्तर बरंचसं रुग्णाच्या वयावर, तो आला तेव्हा किती शुद्धीत होता यावर, आणि रक्त कुठे व किती साचलं यावर ठरतं. ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाचे सहा चमचे रक्तही तिथे फार झालं. पहिल्या काही तासांत ते आणखी वाढू शकतं. म्हणून १०८ला लगेच फोन करा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आल्याआल्या सांगा.

इतवारीतल्या एका किराणा दुकानदारांचं सांगतो. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि खुणेनं पाणी मागू लागले. काटोलहून बहीण आली होती, बागेतल्या संत्र्यांचा रस घेऊन. "अवं पोरी, माह्या भावाले दोन घोट तं देऊ दे!" सून खाटेपुढे उभी राहिली. "आत्ता नाही जी, आत्याबाई. सिस्टर तपासून सांगतील तेव्हाच." आत्याबाई रडल्या, रागावल्या, सुनेला निर्दयी म्हणाल्या. सून हलली नाही. संध्याकाळी दुकानदारांना बसवून चमचाभर पाणी देऊन पाहिलं, तर जोराचा ठसका लागला, आवाज घोगरा झाला. अर्धांगात गळाही दुबळा होऊ शकतो, मग घोट फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्या दोन घोटांनीही तो होऊ शकला असता. नाकातून नळी घातली. पुढे गिळणं सुधारलं, तेव्हा हनुवटी खाली घेऊन घट्ट पेज कशी भरवायची हे सुनेनंच आत्याबाईंना शिकवलं.

पुन्हा सांगतो, गिळणं तपासल्याशिवाय तोंडातून काही देऊ नका. पाणी नाही, रस नाही, तीर्थही नाही.

सर्वात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते. नंतरही ती होत राहते, पण हळू. म्हणून व्यायाम लवकर हवा, रोज हवा. आता चालायला शिकणाऱ्या माणसानं आपल्या शहरात चालावं कुठे? फुटपाथवर स्कूटर आणि दुकानांच्या पाट्या. हे मला फार खुपतं. पहाटे मैदान गाठा, सोबत माणूस ठेवा.

आणि बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडू नका. सुट्टी होताना पुढची तपासणी कधी, व्यायाम कोणते, हे कागदावर लिहून मागा.