पाऊस जातो कुठं? : ग्राथालेमाच्या डोंगरात

[सुरुवात. कडा ढगात बुडालेला. हळूहळू खाली पांढरं गाव. चर्चच्या घंटेचे टोल, मग कौलांवरून निथळणारं पाणी. निवेदन इथून.]

हे ग्राथालेमा. रोमन लिपीत याच्या नावात झेड आहे, पण इथल्या बसवाल्याला ‘ग्राझालेमा’ म्हणालात तर तो दोनदा विचारतो. स्पेनच्या दक्षिण टोकाला आंदालुसिया, त्यात कादिस प्रांत, आणि त्या प्रांताच्या डोंगराळ कोपऱ्यात हे दोनेक हजार वस्तीचं गाव. उंची सुमारे 800 मीटर. भिंती चुन्यानं पांढऱ्या, वर मातीची कौलं, खिडक्यांना लोखंडी गज. मागं उभा आहे तो पेन्यॉन ग्रांदे. नावाचा अर्थ सरळ आहे : मोठा कडा. त्याच्या अंगावर हलणारे लाल-निळे ठिपके म्हणजे प्रस्तरारोहक.

[पावसात भिजलेला चौक. एक आजोबा, छत्री.]

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं. इथं मात्र वर्षाला सरासरी 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत या गावाचं नाव घेतलं जातं. आंबोली-महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल, येऊ द्या. गंमत आकड्यात नाही, कॅलेंडरात आहे. इथला पाऊस हिवाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं धबधबे उड्या घेत असतात, तेव्हा इथं जमीन करपलेली असते आणि छत्री खुंटीला. कारण मात्र आपल्या ओळखीचंच : समुद्रावरून आलेला ओला वारा, आणि त्याच्या वाटेत आडवा आलेला डोंगर. आपल्याकडं अरबी समुद्र आणि सह्याद्री. इथं अटलांटिक आणि हा सिएर्रा, म्हणजे डोंगररांग.

आता हा डोंगर नीट बघा. कुठं ओढा दिसतो? तळं? एवढा पाऊस पडतो आणि वर पाणी जवळपास नाहीच. हा सगळा चुनखडीचा दगड आहे. पाणी त्याला विरघळवतं, भेगा रुंदावतं आणि आत उतरतं. डोंगर कसला, चाळण आहे ही.

त्या पाण्याच्या मागं आम्ही फिरलो.

[पहाट. फाटक. कागद तपासणारे हात. मग चढणीची वाट.]

पहिली वाट पिन्सापारची, म्हणजे पिन्सापो झाडांच्या जंगलाची. ती सुरू होते या कागदापासून.

हा परवाना एल बोस्के गावातल्या अभयारण्य कार्यालयातून मिळतो. पैसे पडत नाहीत. नाव, तारीख, बरोबर किती माणसं, एवढंच विचारतात. पण रोज किती जणांना सोडायचं तो आकडा ठरलेला असतो. तो भरला की त्या दिवसाचं दार बंद. ओळख, चिठ्ठी, ‘लांबून आलोय हो’ यातलं काही चालत नाही. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वणव्याच्या भीतीनं निर्बंध आणखी कडक होतात. वाटेत जाळ करायचा नाही, वाट सोडायची नाही, कुत्रं आणायचं नाही. पहिल्यांदा वाचताना हे जाचक वाटतं. मग दोन तास चालूनही वाटेवर प्लॅस्टिकची एक पिशवी दिसत नाही, आणि आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्याची शनिवारची रात्र आठवते. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करून जावं लागतं, त्यावरून किती कुरबूर होते! इथं कुरबूर करणारे नसतील असं नाही, आमच्या कॅमेऱ्यासमोर तरी कुणी आलं नाही.

युनेस्कोनं हा डोंगर 1977 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला. स्पेनमधल्या अगदी पहिल्या अशा क्षेत्रांपैकी हे एक. 1984 मध्ये सुमारे 53 हजार हेक्टरचं नैसर्गिक उद्यान झालं.

[खिंड ओलांडून वाट सावलीच्या अंगाला वळते. धुकं. पहिलं झाड.]

हा पिन्सापो.

[10 सेकंद निवेदन नाही. धुक्यात झाडं, पाण्याचे थेंब.]

ख्रिसमसचं झाड म्हणून जे चित्रात बघतो, त्याच कुळातला हा. फरक हात लावल्यावर कळतो. याच्या सुया मऊ नाहीत. आखूड, ताठ, आणि फांदीला चहूबाजूंनी लागलेल्या, बाटली धुवायच्या ब्रशासारख्या. हे झाड थंड काळातलं. हवा गरम होत गेली तसा त्याचा मुलूख आकसत गेला आणि शेवटी उरले हे काही उतार : ग्राथालेमा, शेजारच्या मालागा प्रांतातले दोन डोंगर, आणि समुद्रापलीकडं मोरोक्कोच्या रिफ पर्वतात याचं अगदी जवळचं भावंड. बाकी जगात नैसर्गिकरीत्या कुठंच नाही.

इथं तरी ते का टिकलं? कडा बघा. जंगल आहे ते उत्तरेच्या उतारावर. ऊन तिरपं, थोडं. त्यात अटलांटिकचे ढग येऊन अडकतात आणि धुकं सुयांवर थेंब होऊन खाली गळतं. माथ्यावर सुमारे 1650 मीटरचा तोर्रेऑन, कादिस प्रांतातलं सर्वांत उंच शिखर. दक्षिणेच्या बाजूला हेच झाड शोधलंत तर पाय दुखतील, झाड सापडणार नाही.

गावकऱ्यांना ते अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. युरोपातल्या शास्त्रज्ञांना कळायला 1837 साल उजाडलं. पिएर एदमाँ ब्वासिए नावाचा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण स्पेनमध्ये फिरायला आला आणि पुढच्या वर्षी त्यानं या झाडाला शास्त्रीय नाव दिलं. त्या नावात त्यानं स्थानिक शब्द तसाच ठेवला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

या डोंगरात माणसांचीही एक जुनी खूण आहे : बर्फाचे खड्डे. हिवाळ्यात बर्फ दाबून भरायचं, वर पालापाचोळा घालायचा आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खाली गावांत न्यायचं. फ्रिज येण्याआधीचं आइसक्रीम या उतारावरून उतरायचं म्हणा ना!

वाट बारा-एक किलोमीटरची. सुरुवातीची चढण दमवते, पुढं उतारच आहे, थेट बेनामाओमा गावापर्यंत. तिथं डोंगर पहिल्यांदा पाणी परत देतो. गावातच मोठा झरा फुटलेला आहे.

[घळीच्या तोंडाशी. आकाशात गिधाडं, एक, मग अनेक.]

दुसरी वाट खाली जाणारी. गार्गांता वेर्दे, म्हणजे हिरवी घळ. हिलाही परवाना लागतो. पाण्यानं चुनखडी हजारो वर्षं कापत नेली आणि दोन्ही बाजूंना या भिंती उभ्या राहिल्या. उतरताना मजा वाटते. परतताना त्याच पायऱ्या मोजाव्या लागतात.

पण नजर खाली ठरत नाही.

[15 सेकंद निवेदन नाही. कड्यावर उतरणारं गिधाड, पंखांचा आवाज.]

ग्रिफन गिधाड. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास. सकाळी लवकर आलात तर ती कड्यावर खांदे पाडून बसलेली असतात. ऊन दगडावर चढलं, हवा तापून वर जाऊ लागली, की एकेक जण नुसता कडा सोडतं. पंख फडफडवणं जवळपास नाहीच. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून या कपारींत माणसांची वर्दळ परवडत नाही.

हे दृश्य बघताना मराठी माणसाला थोडं गलबलतं. आपल्या कड्यांवरही गिधाडं होती. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि आकाश रिकामं झालं. भारतानं 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. स्पेननं 2013 मध्ये त्याच औषधाला गुरांसाठी परवानगी दिली. 

[गावात परत. दगडी इमारत. आत माग. 12 सेकंद फक्त मागाचा आवाज.]

डोंगरात भिजून आलात की गावात हे हवं असतं.

ग्राथालेमाची ‘मान्ता’. घोंगडी म्हणावं तर ती खरखरीत नाही, शाल म्हणावं तर फार जड. मेंढ्या मेरिनो जातीच्या, लोकर मऊ. आपली धनगरी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली. पावसात खांद्यावरून पाणी ओघळावं म्हणून. इथली रीत उलटी. इथं विणलेलं कापड पाण्यात कुटतात. लोकरीला ओल, ऊब आणि मार मिळाला की तिचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं, घट्ट होतं, मग वारा आत शिरत नाही. हे कुटण्याचं काम एकेकाळी पाणचक्क्या करायच्या : नदीच्या प्रवाहावर चाक फिरायचं आणि लाकडी हातोडे आलटूनपालटून कापडावर पडायचे. लोकर धुवायलाही पाणी, कुटायलाही पाणी. शेवटी कापडावरून काटेरी बोंडं फिरवून लव उठवायची. बोटं फिरवलीत की जाणवते ती तीच लव.

[जवळून : धोटा, ताणा, विणकराचे हात. गडद तपकिरी आणि पांढरे चौकडे.]

रंग बघा. तपकिरी, काळपट, पांढरा. मेंढीचा जो रंग तो कापडाचा. असं कापड बराच काळ इथली ओळख होतं. धंदा इतका भरभराटीला आला होता की गावाला ‘धाकटं कादिस’ म्हणत. नंतर कातालोनियातल्या यंत्रांच्या कापडापुढं हे माग टिकले नाहीत, माणसं गाव सोडून गेली, घरं रिकामी झाली. आता थोडेच माग चालतात.

[रस्ता. वळणांमागून वळणं. मग निळं पाणी.]

उत्तरेला जायचं तर ही खिंड : पुएर्तो दे लास पालोमास. अर्थ पारव्यांची खिंड, पण वर घिरट्या घालतात ती गिधाडंच. सायकलस्वारांना ही चढण फार प्रिय आहे. तोंडावरून तसं वाटत नाही.

खाली थाहारा दे ला सिएर्रा. सुळक्यावर किल्ला, पायथ्याशी गाव आणि धरणाचं हे पाणी. 1481 च्या डिसेंबरात एका रात्री ग्रानादाच्या मुस्लिम सुलतानाच्या फौजेनं हा किल्ला ख्रिस्ती राजवटीकडून घेतला. त्यातून पेटलेलं युद्ध 1492 मध्ये ग्रानादा पडल्यावरच थांबलं. आज त्याच्या सावलीत कयाक चालवतात. हे पाणी ग्वादालेते नदीचं. ती ग्राथालेमाच्याच डोंगरात उगम पावते, इथं थोडी विसावते आणि पुढं कादिसच्या उपसागरात, अटलांटिकला मिळते. ढग जिथून आले, तिथंच.

सगळं पाणी मात्र असं सरळमार्गी नाही.

[धरणाची भिंत. मागं कोरडा दगड, गवत, एक शेळी.]

ग्राथालेमाच्या पूर्वेला, मोन्तेहाकेजवळ, हे धरण. भिंत सुमारे 80 मीटर उंच, कमानीसारखी वळलेली. 1920 च्या दशकात एका वीज कंपनीनं बांधलं. आराखडा चोख, काम भक्कम. शंभर वर्षांत भिंतीला काही झालेलं नाही. फक्त मागं पाणी साठत नाही.

नदी अडवली, पाणी चढलं, आणि बाजूच्या चुनखडीतून खाली निघून गेलं. अभियंत्यांनी भोकं बुजवली. पाण्यानं दुसरी शोधली. ते गुहेत उतरले, आत पायवाटा बांधल्या, भेगांत सिमेंट ओतलं. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी कंपनीनं नाद सोडला.

[गुहेचं प्रचंड तोंड. हेल्मेटवरचे दिवे. दोर.]

पाणी गेलं ते इथून. उंदिदेरो. आत चार-साडेचार किलोमीटरचा अंधार, दोरानं उतरायचे टप्पे आणि पोहून ओलांडायची गार तळी. गुहेत उतरणारे पूर्ण पोशाख चढवून, परवाना घेऊन, जाणकारासोबतच जातात. आत अजूनही त्या अभियंत्यांच्या गंजलेल्या पायवाटा भिंतीला लटकलेल्या दिसतात.

[अंधार. पाण्याचा आवाज वाढत जातो. मग उजेड.]

हे दुसरं तोंड. कुएवा देल गातो, मांजराची गुहा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांजवळ. पाणी इथून बाहेर येऊन ग्वादियारो नदीला मिळतं, आणि ग्वादियारो जाते भूमध्य समुद्राला. महाबळेश्वराच्या कड्यावर एक थेंब पश्चिमेला पडला तर सावित्री, पूर्वेला पडला तर कृष्णा. इथं ती वाटणी वर दिसत नाही, डोंगराच्या पोटात होते.

[गुहेच्या तोंडाशी हिरवं तळं. मुलं काठावर रांगेत. पहिला उडी मारतो, ओरडतो. दुसरा पाय पाण्यात घालून मागं घेतो.]

ऑगस्ट महिना आहे. बाहेर दगड हाताला चटका देतोय. पाणी मात्र डोंगराच्या आतलं आहे.

[निवेदन संपतं. उरलेली मुलं एकेक करून उडी मारतात.]