अंत्युखियातली पंगत

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'विश्वासाने नीतिमान ठरणे' असा छापलाय. म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं, ते आपल्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने. मे महिन्यातल्या सोलापुरात, या उकाड्यात, असल्या विषयाला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. यावर बोलणारे बहुतेक जण जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरपासून सुरुवात करतात. मी जेवणापासून करणार आहे.

अंत्युखिया हे रोमी साम्राज्यातलं मोठं, अठरापगड शहर. आज ते तुर्कस्तानात आहे. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा तिथे पडलं. तिथल्या मंडळीत यहुदी होते तसे परराष्ट्रीयही, म्हणजे यहुदी नसलेलेही, होते. यहुद्यांचे खाण्यापिण्याचे निर्बंध कडक, परक्यांबरोबर जेवायला बसणं अनेकांना पटत नसे. तरी या मंडळीत सगळे एकत्र जेवत, आणि पेत्रही त्यांच्यात असे. पेत्र म्हणजे बारा शिष्यांतला म्होरक्या. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू अंग काढून घेऊ लागला. लोक काय म्हणतील, ही भीती. तो सरकला तसे बाकीचे यहुदीही सरकले. परराष्ट्रीयांत ख्रिस्ताचा संदेश नेणारा प्रेषित पौल, त्याचा जोडीदार बर्णबा, तोसुद्धा सरकला. भांडण नाही, ठराव नाही. नुसती पंगत वेगळी झाली. महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःच हे सांगतो, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेच्या नियमांतल्या, कर्मांनी कोणी माणूस नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो. ज्या वाक्यावर पुढे शेकडो ग्रंथ लिहिले गेले, ते असं पानावरून उठलेल्या माणसाला ऐकवलेलं आहे. पौलाचा मुद्दा सरळ होता. देवाने या परराष्ट्रीयांना सुंता न करता, केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवला म्हणून, आपलं म्हटलंय. मग त्यांच्याबरोबर जेवायला आणखी अट घालणारे तुम्ही कोण? अट लागतच असेल, तर ख्रिस्त उगाच मेला, असं तो स्पष्ट लिहितो.

पौल हे आपल्या पदरचं सांगत नव्हता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा दाखला काढतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या बाबतीत नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे बायबलातल्या उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा येते १७व्यात. मधे त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा आणि सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा, म्हणजे किमान तेरा वर्षांचं अंतर. निकाल आधी, खूण मागाहून. पौल कसलेल्या वकिलासारखा या तारखांवर बोट ठेवतो.

येशूचा दाखलाही तुम्हाला ठाऊक आहे. एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. आमच्या संडेस्कूलच्या नाटकात परूशी म्हणजे खोटी दाढी लावलेला ढोंगी. मला ते पटत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, हे तो म्हणतो त्यातलं काहीच खोटं आहे असं येशू म्हणत नाही. माणूस खरोखर नेमाचा होता. जकातदार रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, लोकांच्या शिव्याशापांचा धनी. तो दूर उभा राहतो, मान वर करत नाही, ऊर बडवतो आणि 'मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणतो. उद्यापासून सुधारेन असं वचनही देत नाही. तरी नीतिमान ठरून घरी जातो तो हाच. हा दाखला ऐकून राग आला नाही, तर तो नीट ऐकला नाही असं समजा.

लूथरबद्दल थोडक्यात. मठातला हा भिक्षू तासन् तास पापकबुली देत बसे आणि तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नसे. रोमकरांचं पत्र वाचता वाचता त्याला वाट सापडली. १५१७ पासून वाद पेटला, १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बाजू बांधली, आणि दोन्हीकडून शाप दिले गेले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने मिळतं, आपल्या कर्तबगारीने नाही, या गाभ्यावर दोघांचं एकमत आहे असं त्यात नोंदलं. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. आपल्याकडच्या चर्चमध्ये याची वार्ता फारशी पोचलेली दिसत नाही.

आता नेहमीचा प्रश्न. सगळं फुकटच मिळणार असेल तर चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला होता. रोमकरांच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. तोही अब्राहामच काढतो, पण उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातला, मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवणारा. पौल निकालाच्या दिवसाबद्दल बोलतो, याकोब त्यानंतरच्या वर्षांबद्दल. जकातदारांचा मुख्य जक्कय आठवा. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. पण येशू त्याच्या घरी गेला तो हे देणं होण्याच्या अगोदर.

सोलापूरच्या माणसाला निकाल म्हणजे काय हे सेटलमेंटवरून कळायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. या शहरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, टकारी ठेवले गेले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. जन्मलेल्या पोराने अजून काही केलेलं नाही, तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हेगारांतला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. कुणी एकेकट्याने आपण निर्दोष असल्याचा पुरावा दिला म्हणून तो रद्द झाला नाही. इथे ही तुलना संपते, कारण त्या लोकांवरचा आरोपच अन्याय होता, आणि पौल म्हणतो की आपण सगळे खरोखर अपराधी आहोत. पण पुढचं जुळतं. कायदा गेला तरी शेजारी आणि पोलीस जुनी वही सोडायला तयार नव्हते. निकाल लागलाय हे आजूबाजूच्यांनी मानायला नको का?

म्हणून मी हा विषय पंगतीपासून धरला. आम्ही दर रविवारी प्रभुभोजनात एकाच मेजावरून भाकर आणि द्राक्षारस घेतो. आणि मुलीला स्थळ आलं की चहा निवायच्या आत विचारतो, 'मूळचे कोण तुम्ही?' चार पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरात हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय. विचारणारे चर्चच्या कमिटीवर होते. विश्वासाने नीतिमान ठरणं त्यांना परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते, पेत्रालाही मिळाले असते. ज्याचा निकाल देवाने लावला त्याची पुन्हा चौकशी करायला आपण बसतो, आणि वर त्याला 'समाजाचा व्यवहार' म्हणतो. माझ्या मते असा व्यवहार म्हणजे पत्रिकेवरच्या या शिकवणीला दिलेला उघड नकार आहे.

काहींना हे रुचणार नाही. प्रश्नोत्तरं सुरू करू या. मात्र पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनी जरा थांबावं, मागे दाराशी उभ्या असलेल्यांना आधी बोलू द्या.