मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमचं कॉलेज कसं दिसतं?

मित्रांनो, कॉलेज निवडायची वेळ आली की सगळे रँकिंग बघतात, प्लेसमेंट बघतात, कॅम्पसचे फोटो बघतात, आणि ते बघायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण मी बरीच वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुलामुलींशी बोलतेय आणि भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारते, की तुमच्याकडे एखाद्या साध्या मंगळवारी, म्हणजे फेस्ट नाही, परीक्षा नाही, सबमिशन नाही, अशा मंगळवारी दुपारी तीन वाजता मुलं असतात कुठे? एक म्हणतो लॅबमध्ये, दुसरा म्हणतो तोपर्यंत आम्ही घरी जायच्या बसमध्ये बसलेले असतो, तिसरी म्हणते आमच्या हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये कोणीतरी गप्पा मारत बसलेलं असतंच, आणि एक मुलगी जरा थांबून म्हणाली, "मॅडम, मला खरंच माहीत नाही, मी तेव्हा कामावर असते." चौघंही कॉलेजलाच जातात, चौघांना डिग्रीही मिळणार आहे, पण चौघांची आयुष्यं किती वेगळी आहेत बघा. आज मला त्याच वेगळेपणाबद्दल बोलायचंय.

मी स्वतः दोन्ही प्रकार जगलेय. पहिलं कॉलेज असं होतं की शेवटचा तास संपायच्या आधीच अर्ध्या वर्गाच्या बॅगा भरलेल्या असायच्या, कारण गाडी चुकली की पुढची तासाभराने. त्या वर्गात माझ्या शेजारी जी मुलगी बसायची ती लहानपणापासून बुद्धिबळ खेळायची, मीही खेळायचे, आणि हे आम्हाला एकमेकींना कधी कळलं? निरोपसमारंभात. तीन वर्षं एका बाकावर बसून एकही डाव झाला नाही. दोघीही काही कमी बोलणाऱ्या नव्हतो हो, फक्त तास आणि गाडी यांच्यामध्ये वेळच नव्हता.

नंतर पुढच्या शिक्षणाला मी हॉस्टेलवर गेले आणि तिथे माझी खोली जिन्याला लागून होती. वर जाणारी, खाली येणारी प्रत्येक मुलगी माझ्या दारावरून जायची, दार उघडं असलं की डोकावायची, आणि दोन महिन्यांत माझी सगळ्या मजल्याशी ओळख झाली. त्याच मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत एक मुलगी होती, माझ्यापेक्षा जास्त बोलकी, गाणारी, पण ती पहिलं वर्षभर खूप एकटी पडली. तेव्हा मला वाटायचं हा स्वभावाचा किंवा नशिबाचा भाग असेल. खूप नंतर कळलं की याचा चक्क अभ्यास झालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी केली होती. लिऑन फेस्टिंजर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघा संशोधकांनी तिथल्या लोकांना विचारलं की तुमचं येणंजाणं जास्त कोणाशी आहे, आणि 1950 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोण कुठल्या घरात राहणार हे बहुतेक कुठलं घर रिकामं आहे त्यावर ठरलेलं, म्हणजे मित्र बघून कोणी घर घेतलेलं नव्हतं. तरी एका मजल्यावर अगदी शेजारच्या दाराशी मैत्री जुळायचं प्रमाण 41 टक्के निघालं आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये फक्त 10 टक्के. आणि ही दोन टोकं काही मैलभर लांब नव्हती, शंभर फुटांच्या आतलं अंतर! ज्यांची घरं जिन्यापाशी किंवा टपालपेट्यांपाशी होती त्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही ओळख जास्त होती. हे मी वाचलं तेव्हा मला ती टोकाच्या खोलीतली मुलगी आठवली आणि वाईट वाटलं, कारण रेक्टर बाईंनी नुसती दर सहा महिन्यांनी खोल्यांची अदलाबदल केली असती तरी तिचं वर्ष वेगळं गेलं असतं.

म्हणून मी म्हणते की कॉलेजांची तुलना करायची असेल तर कोण कोणाला, कुठे आणि किती वेळा भेटतं ते आधी बघा. इमारतसुद्धा यात बोलते. वॉशिंग्टनमधलं गॅलोडेट विद्यापीठ बहिऱ्या विद्यार्थ्यांचं, तिथे शिकणं, भांडणं, गप्पा सगळं खुणांच्या भाषेत चालतं, आणि चालता चालता बोलायचं तर समोरच्याचे हात आणि चेहरा दिसायला हवा, त्यामुळे तिथे नव्या इमारती बांधताना पॅसेज रुंद ठेवायचे, कोपऱ्यावरून पलीकडचं दिसेल असं बघायचं, हा विचार मुद्दाम केला जातो. साध्या कॉलेजात पॅसेज म्हणजे फक्त जायची वाट, तिथे ती बोलायची जागा.

आता हॉस्टेलचं. नुसतं हॉस्टेल आहे की नाही एवढं विचारून भागत नाही, खोल्या वाटतात कशा हे विचारा. हार्वर्डमध्ये 1930 पासून हाऊस पद्धत आहे, म्हणजे पहिलं वर्ष संपलं की मुलं वेगवेगळ्या हाऊसमध्ये राहायला जातात, तिथेच जेवण, तिथेच लायब्ररी, तिथेच राहणारे शिक्षक. पूर्वी मुलांना कुठलं हाऊस हवं ते सांगता यायचं, आणि झालं असं की एक हाऊस कलाकारांचं, एक खेळाडूंचं, अशी प्रत्येकाची ओळख पक्की होत गेली. मग 1990 च्या दशकाच्या मध्यात विद्यापीठाने ते बंद करून सोडत सुरू केली, छोटा मित्रांचा ग्रुप एकत्र राहू शकतो पण हाऊस कुठलं ते चिठ्ठी ठरवणार. याला विरोधही झाला आणि मला तो विरोध समजतो, कारण जो मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासारख्या माणसांत आला त्याला तुम्ही परत वेगळ्यांमध्ये पाठवताय. तरी माझं मत सोडतीच्या बाजूने आहे. आपल्यासारखी माणसं माणूस शोधून काढतोच, आपल्यापेक्षा वेगळी माणसं मात्र कोणीतरी शेजारी आणून बसवावी लागतात.

आणि शेजारी बसवल्याने फरक पडतो का, तर काही बाबतीत पडतो आणि काही बाबतीत नाही. ब्रूस सॅकरडोट या अर्थशास्त्रज्ञाने डार्टमथ कॉलेजात सोडतीसारख्या पद्धतीने मिळालेल्या रूममेट्सचा अभ्यास केला, 2001 मध्ये तो छापून आला. रूममेटचा परिणाम मार्कांवर थोडा दिसला, कुठल्या क्लबात किंवा मंडळात सामील व्हायचं यावरही दिसला, पण मुख्य विषय कुठला घ्यायचा यावर दिसला नाही. पालक मला नेहमी विचारतात की रूममेट वाईट मिळाला तर मुलगा बिघडेल का, त्यांना मी हेच सांगते, की संध्याकाळी तो कुठे जाईल हे रूममेटमुळे बदलू शकतं पण त्याला काय आवडतं ते इतक्या सहज बदलत नाही.

घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. अलेक्झांडर ॲस्टिन नावाचे अमेरिकन संशोधक होते, त्यांनी खूप मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांच्या नोंदी अभ्यासल्या आणि त्यात दिसलं की कॅम्पसवर राहणारी मुलं शिक्षण मध्येच सोडून द्यायची शक्यता कमी असते. 1984 मध्ये त्यांनी जो विचार मांडला तो साधा आहे, की विद्यार्थी आपला वेळ आणि जीव कॉलेजात किती ओततो त्यावर तो तिथून काय घेऊन जाणार हे बरंचसं ठरतं, आणि त्याच्याकडे वेळ तर मोजकाच असतो. आता यावरून लोक लगेच म्हणतात की मग डे-स्कॉलर मुलं मनापासून शिकत नाहीत. हे साफ चुकीचं आहे. ज्या मुलीचे रोज तीन तास प्रवासात जातात, घरी गेल्यावर आजारी माणसाचं बघायचं असतं, तिच्याकडे ओतायला वेळ उरतो तरी किती? तिने बदलायचं की कॉलेजने?

मी ज्या एका कॉलेजात काही काळ शिकवायचे, नाव घेत नाही, तिथे निम्म्याहून जास्त मुलं लांबून यायची आणि टाइमटेबल असं की सकाळी अकराला एक तास आणि मग थेट दुपारी चारला दुसरा. मधले चार तास मुलं कुठे बसणार? रीडिंग रूम परीक्षेच्या महिन्यातच उघडायची, रिकाम्या वर्गाला कुलूप, लॉकर नाहीत म्हणून सगळी पुस्तकं पाठीवर. मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले की निदान एक खोली उघडी ठेवा, तर उत्तर मिळालं की मुलं गोंधळ घालतील. मुलं शेवटी चारच्या तासाला थांबेनाशी झाली आणि मग आम्ही स्टाफरूममध्ये बसून बोलायचो की आजकालच्या मुलांना शिकायचं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं. चार तास मोकळे ठेवणाऱ्या त्या टाइमटेबलात मैत्री, अभ्यास, वाद, सगळं होऊ शकलं असतं, एका किल्लीचा प्रश्न होता.

टाइमटेबलनेही कॉलेजचं आयुष्य कसं बदलतं बघा. ऑक्सफर्डला टर्म आठ आठवड्यांची, वर्षातून तीन, आणि त्या आठ आठवड्यांत जवळपास दर आठवड्याला वाचून, लिहून, एक-दोन साथीदारांबरोबर शिक्षकासमोर बसून ते मांडायचं. तिथे मागच्या बाकावर लपायची सोयच नाही, न वाचता गेलात तर पाच मिनिटांत कळतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजने 1970 मध्ये वेगळंच केलं, एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे तोच, मग मध्ये छोटी सुट्टी आणि पुढचा विषय. यात मजा अशी की सगळा वर्ग उठून बाहेर अभ्यासाला जाऊ शकतो, कारण दुसऱ्या कुठल्या तासाला कोणाची गैरहजेरी लागत नाही, पण तीन दिवस ताप आला तर विषयाचा केवढा तरी भाग हातातून जातो. आणि कॅनडातलं वॉटर्लू, तिथे 1957 पासून को-ऑप पद्धत आहे, आता साधारणपणे चार महिने शिकायचं, चार महिने कंपनीत काम करायचं, असं आलटून पालटून. अनुभव मिळतो, पैसा मिळतो, घरच्यांवर भार कमी पडतो, फार चांगली गोष्ट आहे, फक्त दर चार महिन्यांनी खोली बदलते, गाव बदलतं, आणि तुमचा जवळचा मित्र नेमका तुम्ही परत येता तेव्हा कामावर गेलेला असू शकतो. काही कॉलेजांत काम हेच शिक्षणाचा भाग असतं, अमेरिकेतलं बेरिया कॉलेज ट्यूशन फी घेत नाही आणि तिथे प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला निदान दहा तास काम करतो. सगळेच काम करतात म्हणून तिथे काम करणारा वेगळा पडत नाही, मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ती जी मुलगी म्हणाली होती ना की मी तेव्हा कामावर असते, तिला नोकरीचा त्रास कमी आणि ती एकटीच नोकरी करते याचा त्रास जास्त होता.

मार्कांची पद्धत कशी आहे हेही विचारा, हे तर कोणी विचारतच नाही. जिथे वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच वरची ग्रेड मिळणार असते तिथे मी तुला नोट्स दिल्या तर माझंच नुकसान, मग मुलं नोट्स लपवतात, आणि आपण म्हणतो मुलं स्वार्थी झाली. एमआयटीमध्ये पहिल्या सेमिस्टरला ग्रेड बाहेर दाखवत नाहीत, पास झालात तर पास, आणि नापास झालात तर बाहेर जाणाऱ्या मार्कपत्रकावर त्याची नोंदच नाही, म्हणजे नवीन आलेल्या मुलाला चाचपडायला एक सेमिस्टर मिळतं. अमेरिकेतल्याच हॅवरफोर्ड कॉलेजात परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, मुलांनीच सांभाळलेली एक आचारसंहिता आहे आणि ती मुलं दरवर्षी मत देऊन पुन्हा मंजूर करतात. आपल्यावर विश्वास ठेवलाय हे कळलं की अठरा-एकोणीस वर्षांचं पोर कसं वागतं हे मी वर्गात बघितलंय, एकदा मी चाचणी देऊन बाहेर जाऊन बसले होते, आणि नंतर दोन मुलं स्वतःहून येऊन म्हणाली की आम्ही एका उत्तराबद्दल एकमेकांशी बोललो, तेवढे मार्क देऊ नका.

आणि जिथे कॅम्पसच नाही तिथलं काय? ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1969 मध्ये स्थापन झालं आणि 1971 मध्ये तिथे शिकवणं सुरू झालं, प्रवेशाला आधीच्या डिग्रीची, मार्कांची अट नाही, लोक नोकरी, मुलंबाळं सांभाळून टपालाने आलेलं साहित्य वाचायचे आणि बीबीसीवर पहाटे नाहीतर रात्री उशिरा लागणारे पाठ बघायचे. एकट्याने शिकणारे विद्यार्थी, बरोबर? पण त्यांच्यासाठी उन्हाळ्यात आठवडाभराची शाळा असायची, दुसऱ्या विद्यापीठांच्या कॅम्पसवर सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि शिकायचं. विचार करा, कारखान्यातला माणूस, घर सांभाळणारी बाई, सगळे वर्षभर एकटे पुस्तक घेऊन बसलेले, आणि मग सात दिवस असे की जेवतानाही समोरच्याने तेच पुस्तक वाचलेलं आहे. पूर्ण वर्ष कॅम्पसवर काढून ज्यांना हे मिळालं नाही अशी मुलं मी भेटलेय.

मागून प्रश्न आलाय, की मॅडम हे सगळं वेबसाइटवर लिहिलेलं नसतं, मग कळणार कसं? बरोबर आहे, नसतं. एकदा जाऊन या, आणि ओपन डे सोडून जा, त्या दिवशी सगळं सजवलेलं असतं. तास संपल्यावर दारात उभं राहून बघा की मुलं रेंगाळतात की पळतात. लायब्ररी किती वाजता बंद होते ते बोर्डावर वाचा, मग त्या वेळेच्या अर्धा तास आधी आत जाऊन बघा दिवे चालू आहेत का. विचारायचं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, पहिल्या वर्षाची अजून नव्या नवलाईत असतात आणि शेवटच्या वर्षाच्यांचं निम्मं लक्ष बाहेर गेलेलं असतं. आणि हॉस्टेल बघायला गेलात तर जिन्यापाशी थांबू नका, पॅसेजच्या शेवटच्या खोलीपर्यंत चालत जा, दार वाजवा, आणि तिथे जो राहतो त्याला विचारा की बाबा, तुझ्याकडे कोण कोण येतं?