हार्बरचं जुनं टोक: रे रोड

श्रोतेहो, नमस्कार.

पनवेलहून सीएसएमटीकडे येताना कॉटन ग्रीन मागे पडलं की बरेच जण सामान आवरायला लागतात. मधलं रे रोड कोणाच्या खिजगणतीत नसतं. रेटारेटी असते ती कुर्ल्याला नाहीतर वडाळ्याला. रे रोडला गाडी थांबते, चार माणसं उतरतात आणि गाडी सुटते. पण एके काळी हार्बर लाइन, म्हणजे बंदराच्या बाजूने जाणारी लोकलची लाइन, इथेच संपायची.

१२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड हा हार्बरचा पहिला टप्पा सुरू झाला. लाइन जीआयपी रेल्वेची, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाची. मुंबईचा पूर्व किनारा तेव्हा भराव घालून बंदरासाठी तयार होत होता. धान्य, कापूस, कोळसा, लाकूड, प्रत्येकाची गोदामं आणि वखारी उभ्या राहत होत्या. बंदराचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाड्यांची रेल्वेही १९१५ साली आली. या सगळ्या राबत्या माणसांसाठी रे रोड हे शेवटचं स्टेशन. बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, जायचं तर पुढे रूळच नव्हते! मधे माझगाव आणि डोंगरीची दाट वस्ती. तिच्यातून जमिनीवरून वाट काढणं कठीण, म्हणून रूळ उंचावरून नेले. सँडहर्स्ट रोडला हार्बरचे फलाट वरच्या मजल्यावर आहेत, ते याच कामातले.

आणि हा दुवा जोडला गेला तो थेट विजेसह. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची प्रवासी गाडी व्हीटीहून, म्हणजे त्याच बोरीबंदरहून, कुर्ल्याला गेली, ती हार्बरवरून, म्हणजे रे रोडवरून. चार डब्यांची गाडी. हिरवा कंदील दाखवला होता गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी. वाफेची गाडी शेवटच्या स्टेशनात आली की इंजिन सोडा, फिरवून आणा, दुसऱ्या टोकाला जोडा, हा खटाटोप असे. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन. चालक फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. आज दर चार-पाच मिनिटांनी लोकल सुटते, त्याचं मूळ या साध्या सोयीत आहे.

ती वीज होती १५०० व्होल्टची, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुढे देशभर २५,००० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज आली, कारण तिला सबस्टेशनं कमी लागतात आणि वीजही कमी वाया जाते. मुंबईत हा बदल सगळ्यात शेवटी झाला तो हार्बरवर, एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे डीसी लोकल जिथे सुरू झाली तिथेच, एक्क्याण्णव वर्षांनी, ती संपली. त्याच महिन्यात हार्बरवर बारा डब्यांच्या गाड्याही धावू लागल्या.

आता नावाबद्दल. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. घराणं स्कॉटिश, जन्म मात्र हॉलंडमधला. आज आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो ती तंत्रसंस्था त्यांच्या काळात निघाली. पुण्याच्या इतिहासात ते आठवतात ते क्रॉफर्ड प्रकरणामुळे. आर्थर क्रॉफर्ड या बड्या अधिकाऱ्यावर लाचखोरीचे आरोप झाले, तेव्हा रे यांच्या सरकारने चौकशी आयोग नेमला. लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली होती. आता गंमत बघा. ज्याची चौकशी झाली त्याच्या नावाचं मार्केट अख्ख्या मुंबईला तोंडपाठ, आणि चौकशी लावणाऱ्याच्या वाट्याला आलं वखारींमधलं हे स्टेशन.

स्टेशनची जुनी दगडी इमारत शहराच्या वारसा यादीत आहे. पूर्वेला बाहेर पडलं की दारूखाना. इथे जहाजं फोडतात. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात गाजलेली आपली विमानवाहू युद्धनौका विक्रांत २०१४ साली इथेच तोडायला घेतली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने विकत घेतला आणि मोटारसायकलींत वापरला. म्हणजे ‘विक्रांत’ आज रस्त्यावर धावते आहे, असं म्हणायला हरकत नाही. मला विचाराल तर ती तरंगतं संग्रहालय म्हणूनच राहायला हवी होती.

पश्चिमेला घोडपदेव, आणि त्यापलीकडे भायखळा. नवी मुंबईहून पोरांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणाऱ्यांनी कुर्ल्याला जिने चढून गाडी बदलण्यापेक्षा रे रोडला उतरून टॅक्सी करावी, सोपं पडतं. स्टेशनजवळचा ब्रिटिशकालीन पूल जाऊन तिथे २०२५ साली केबलचा नवा पूल आला, त्यामुळे ही जागा आता लांबूनही ओळखू येते.

हार्बरला जलद गाड्या नाहीत, त्यामुळे कोणतीही लोकल चालेल. परतीला मात्र पाटी बघून चढा. पनवेल-बेलापूरच्या गाड्या वडाळ्याहून कुर्ल्याकडे जातात, गोरेगावच्या माहीमकडे वळतात. आणि रविवारी निघणार असाल, तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, कुठून कुठपर्यंत आहे ते आधी बघून ठेवा.

नमस्कार.